सोलापूरचा उन्हाळा आणि लेकरं : खाणं, पाणी, झोप (माहितीचा धागा)

बाळीवेस

मार्च संपत आला की सोलापुरात पारा चाळिशी गाठतो. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. नेमक्या याच दिवसांत घरोघरी सारख्याच तक्रारी सुरू होतात. लेकरू जेवत नाही, दुपारी किरकिर करतं, रात्री बारा वाजले तरी झोपत नाही, मधल्या वेळेत हातातला मोबाइल सुटत नाही. मग रागावणं, आमिष दाखवणं, एखादा धपाटा, पुन्हा रागावणं. यातलं बरंचसं मुलाच्या स्वभावातून येत नाही, उन्हातून येतं. घराचं वेळापत्रक आपण शाळेच्या दिवसांचंच ठेवतो, तिथं घोळ होतो.

मे महिन्यात आपल्याकडं पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं. सहा ते साडेआठ हा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ, तो झोपेत घालवू नये. पळणं, सायकल, पार्क मैदान, हुतात्मा बाग, संभाजी तलावाचा काठ, कोपऱ्यावरून दूध आणणं, सगळं याच वेळात. नाष्टा आठ-साडेआठला आणि भरपेट. जेवण साडेअकराच्या आत. त्यानंतर पाचपर्यंत मुलं घरात. दुपारची झोप एक ते अडीच, फार तर तीन. साडेतीन-चारला काहीतरी पातळ. सहानंतर पुन्हा बाहेर, आठपर्यंत रात्रीचं जेवण, साडेनऊला अंथरूण.

झोपेचा हिशेब दुपार धरून करायचा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. दुपारी पाचपर्यंत झोपू दिलं की रात्री बारा वाजणारच, त्याला हट्ट म्हणू नये.

ज्यांना या विषयातलं नीट ठाऊक आहे त्यांनी भर घाला. आकडे, मापं, कृती असं लिहा म्हणजे इतरांना वापरता येईल.

लेकुरवाळी

चांगला धागा. खाण्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. चार वर्षांची मुलं उन्हाळ्यात भाकरी-भाजीला तोंडच लावत नाहीत, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, दूध-बिस्किट तरी जाऊ दे पोटात.

मालदांडी

ताई, दूध-बिस्किटानंच भूक मरते. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे. सकाळी एक पेला, रात्री एक पेला, संपलं. त्यापेक्षा जास्त गेलं की पोट दुधानं भरतं, जेवणातून जायचं ते लोह जात नाही, आणि मैद्याच्या बिस्किटांची जोड मिळाली की शौचाला खडा होतो. खडा झाला की दुखतं, दुखतं म्हणून मूल दाबून ठेवतं, दाबून ठेवलं की भूक आणखी मरते. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं म्हणून हे चक्र लवकर सुरू होतं. सकाळी चहात बुडवून खारी किंवा चपाती द्यायची पद्धत आपल्याकडं फार आहे, तीही बंद करा. चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

उन्हात भूक कमी होणं हे शरीराचं बरोबरच आहे. म्हणून जड खाणं सकाळी आणि रात्री, दुपारी पातळ. आपल्याकडं त्यासाठी ज्वारीची आंबील आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ असेल तर उत्तम, पण पीठ ताजं हवं, जुनं पीठ कडवट लागतं आणि मुलं एका घोटात ओळखतात. चार जणांना पुरेल असं माप देते:

रात्री चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात गुठळी मोडून भिजवा, झाकून ओट्यावर ठेवा. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात अर्धा चमचा जिरं, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, चवीपुरतं मीठ. आच मंद करून भिजवलेलं पीठ बारीक धारेनं सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. सात-आठ मिनिटं शिजलं की चकाकी येते आणि कच्चा वास जातो. पूर्ण गार झाल्यावरच वरून दोन वाट्या ताक घाला. गरम असताना ताक घातलं की फाटतं, सगळी आंबील चोथापाणी होते. पीठ भिजवताना ताक फार आंबट असेल तर उन्हाळ्यात रात्रभरात ते वर येतं, अशा वेळी निम्मं ताक, निम्मं पाणी घ्या. केलेली आंबील त्याच दिवशी संपवायची.

शेंगाचटणी हा आपल्याकडचा मुलांसाठी सगळ्यात सोपा प्रथिनांचा मार्ग. मुलांची वेगळी कुटा: एक वाटी भाजलेल्या सोललेल्या शेंगदाण्याला चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, मीठ आणि तिखट फक्त रंगापुरतं. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटली की भाकरीच्या पापुद्र्याला चिकटते, सांडत नाही. मिक्सरवर फिरवायची तर थांबून थांबून, नाहीतर लगदा होतो. दोन गोष्टी मात्र पाळा. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. कुटलेली चटणी पोळी-भाकरीला लावून चालते. आणि खवट, कडू किंवा बुरशीचा वास येणारा दाणा निवडून फेका, भाजल्यानं त्यातलं विष जात नाही.

सातरस्ता

होय, आणि ताटात किती वाढायचं तेही सांगा काकू. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाएवढी भाकरी वाढून ‘संपव’ म्हटलं की भांडण ठरलेलंच. पाव भाकरी, दोन चमचे डाळ, एक चमचा भाजी. मागितलं तर पुन्हा. काय, कधी आणि कुठं खायचं हे आपण ठरवायचं. किती खायचं हे मुलानं ठरवायचं. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, आणि पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत पाणी सोडून मध्ये काही नाही. हे शेवटचं घरातल्या सगळ्यांना मान्य हवं. आईनं ताट उचललं आणि आजीनं पाठोपाठ चिवड्याचा डबा उघडला तर चार दिवसांची मेहनत वाया जाते.

कन्नाचौक

पाण्याचं माप काय? ‘भरपूर पाणी पाजा’ एवढंच सगळे सांगतात.

उजनी

वजनावरून काढा. पहिल्या दहा किलोंना किलोमागं १०० मिली, पुढच्या दहा किलोंना किलोमागं ५० मिली, त्यापुढं २० मिली. म्हणजे १५ किलोच्या मुलाला दिवसाला १२५० मिली, २० किलोच्या मुलाला १५०० मिली. यात दूध, ताक, वरण, आंबील, कलिंगड सगळं आलं. हा साध्या दिवसांचा हिशेब झाला, आपल्या मे महिन्यात खेळून घाम गाळणाऱ्या मुलाला याहून जास्त लागतं. किती जास्त ते लघवी सांगते. फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी होत असेल तर पाणी पुरतंय. गडद पिवळी, जळजळ, सहा तास झालीच नाही, तर कमी पडतंय.

तहान लागल्यावर मागेल म्हणून थांबू नका, खेळात मुलं विसरतात. खेळायला जाण्याआधी एक पेला, मध्ये दर वीस मिनिटांनी चार-सहा घोट, आल्यावर परत. माठातलं पाणी फ्रिजच्या पाण्यापेक्षा जास्त प्यायलं जातं, कारण दात शिवशिवत नाहीत. पण माठ मुलाच्या हाताला पोचेल अशा तिवईवर हवा आणि पाणी ओगराळ्यानं घ्यायचं. पेला बुडवला की हाताची घाण आत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी नाही. मे महिन्यातही नाही. अंगावरच्या दुधात पाणी असतंच, फक्त वारंवार पाजा. ‘घसा सुकतो म्हणून चमचाभर’ हा आग्रह आपल्याकडं फार होतो, तिथं ठाम राहा. चमचाभर पाण्यानं दूध कमी पितं आणि जुलाबाचा धोका येतो. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको.

लेकुरवाळी

जुलाब झाले तर लगेच काय करायचं तेही एकदा लिहून ठेवा. उन्हाळ्यात साठवलेल्या पाण्यानं हे होतंच.

उजनी

ओआरएस (जलसंजीवनीची पाकिटं) घरात आधीच आणून ठेवा, रात्री अकराला दुकान शोधत फिरायची वेळ येऊ नये. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. मोठ्या पाकिटातली चिमूट-चिमूट पेल्यात घालून देणं ही नेहमी होणारी चूक आहे. घट्ट झालं तर मिठाचं प्रमाण वाढतं, पातळ झालं तर उपयोग होत नाही. एकदाच सगळं पाकीट मोजलेल्या पाण्यात रिकामं करा, झाका, २४ तासांनी उरलेलं ओता.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही, सुरीनं सपाट करायचा. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्यांना १०० ते २०० मिली, घोटाघोटानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं, आणखी हळू. जेवण आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सोबत झिंकची गोळी डॉक्टर १४ दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ती पुरी करायची.

दुकानात फळांच्या चवीची गोड खोकी मिळतात, ती ओआरएस नव्हेत. साखर जास्त असल्यानं जुलाब उलट वाढू शकतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी बंद, मूल मलूल पडलंय किंवा शौचात रक्त आहे, तर घरचे उपाय थांबवून थेट दवाखाना.

गच्चीवरचा

पाण्याच्या साठवणीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं बॅरल, हौद, टाकी भरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. पण डेंगीचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आतली कड तारेच्या घासणीनं किंवा काथ्यानं घासायची, तासभर उन्हात पालथं घालायचं, मग भरायचं. पाणी यायच्या आदल्या दिवशी हे केलं तर पाणी वाया जात नाही. मोठा हौद रिकामा करणं शक्य नसेल तर गप्पी मासे सोडा. बॅरलला झाकण नसेल तर जुनं धोतर दुहेरी करून सुतळीनं घट्ट बांधा, सैल कापड मधोमध बुडालं की डासाला वाट मिळते.

कूलरची टाकीही यातच धरा. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलायच्या. कूलर चालवताना मागून बाहेरची हवा आणि समोरून बाहेर जायला एक खिडकी चार बोटं उघडी लागते. सगळं बंद करून लावला की तासाभरात खोली दमट होते आणि मूल घामानं चिकट होऊन उठतं. लोक म्हणतात कूलर बिघडला, बिघडलेला नसतो. झोत थेट बाळाच्या तोंडावर नको.

आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो : पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचीच वायर आणि चालू अर्थिंग हवं. पाणी घालताना बटण बंद करून पिन उपसून काढायची. घराच्या मीटरशेजारी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी पोर कूलरला हात लावतं, तो जिवाचा प्रश्न आहे.

कन्नाचौक

आमच्या पूर्व भागात पत्र्याची घरं पुष्कळ. कूलर सगळ्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी काही?

गच्चीवरचा

पत्र्याच्या खाली फूटभर अंतर सोडून जुन्या साड्या किंवा चादरी ताणून छत बांधा, दोन्ही टोकांना मोकळं ठेवा म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. पत्र्याला चिकटवून बांधलं तर काही उपयोग नाही. चुलीच्या किंवा गॅसच्या वरती मात्र अजिबात नको. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग दिला तर आणखी फरक पडतो. स्लॅबच्या घरांना चुना चालतो : विरलेला चुना रात्रभर भिजवून, कापडातून गाळून, त्यात फेविकॉल मिसळून उतरत्या उन्हात दोन हात. आधी गच्ची झाडून-धुऊन घ्या, धुळीवर दिलेला चुना पहिल्या वाऱ्यात पापुद्रे सोडतो.

दुपारी पंखा तापलेली हवाच फेकत असेल तर मुलाचं अंग ओल्या पंचानं पुसून मग पंख्याखाली बसवा. पूर्वेकडच्या खिडक्या सकाळी नऊला बंद, पश्चिमेकडच्या दुपारी बाराला. सूर्य कलल्यावर सगळ्या सताड उघड्या.

लेकुरवाळी

पूर्व भागाचा विषय आला म्हणून जोडते. ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं दिवसभर तंबाखूच्या सुपाशेजारी असतात. सूप आणि पानांची टोपली बाळाच्या झोळीपासून लांब, दारापाशी किंवा ओसरीवर हवी, तिकडून वारा झोळीकडं येणार नाही अशी. बाळाला पाजायच्या आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे आणि कामाचा पदर बदलायचा, कारण तंबाखूची भुकटी कापडात बसते. सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘जरा दोरे गुंडाळ’ म्हणून बसवू नका, तोच हात पुढं तोंडात जातो.

सातरस्ता

घोळणा फुटणं राहिलं. कोरड्या हवेत नाकाची आतली त्वचा सुकते, मूल बोट घालतं आणि रक्त येतं. डोकं मागं करून आडवं पाडू नका, रक्त घशात उतरून उलटी होते. बसवून थोडं पुढं वाकवायचं, नाकाचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीत धरून दहा मिनिटं सलग दाबायचा. मध्ये सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही, तिथंच चुकतं. तोंडानं श्वास घ्यायला सांगा. कांदा हुंगवल्यानं काही थांबत नाही. नंतर काही दिवस रात्री नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, नखं कापा. २० मिनिटांनंतरही थांबलं नाही तर दवाखाना.

ऊन लागण्याची खूणही ओळखता यायला हवी. डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम : सावलीत आणा, कपडे सैल करा, घोट-घोट ओआरएस. पण अंग १०४ अंश फॅरनहाइट किंवा वर तापलंय, मूल बरळतंय, झिंगल्यासारखं करतंय, झटके येतायत, तर तो उष्माघात. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला, काखेत-जांघेत ओले पंचे ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या औषधानं हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. उभ्या केलेल्या मोटारीत मूल पाच मिनिटंही ठेवू नका, काच चार बोटं उघडी असली तरी.

बाळीवेस

सगळ्यांचे आभार, फार उपयोगाचं जमतंय. मोबाइलवर कुणी लिहिलं नाही म्हणून माझी भर. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते पाचपर्यंत दिवसाला एक तास, तोही मोठ्या माणसाशेजारी बसून. पण नुसता तास ठरवून दुपार निभत नाही, जागा आणि वेळ ठरवा. फोन बैठकीच्या खोलीतच, अंथरुणात नाही, ताटावर नाही. चार्जर स्वयंपाकघरात. साडेतीनचं खाणं झालं की लावायचा, साडेचारला बंद, रोज तीच वेळ. वेळ बदलती ठेवली की मूल दिवसभर मागत राहतं, कारण कधीतरी मिळतो हे त्याला कळलेलं असतं. बंद करायच्या पाच मिनिटं आधी सांगा, आणि पुढचं काम हाताशी तयार हवं : बादलीभर पाण्यात वाट्या-पेले, पाच वर्षांवरच्याला शेंगा फोडायला सूप, जुन्या वह्यांचे कोरे कागद. रिकाम्या हातातून फोन काढला की रडारड होणारच.

मालदांडी

पाण्याच्या बादलीशी खेळणारं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर कुणीतरी शेजारीच हवं. बादलीत वीतभर पाणी असलं तरी बुडण्याचा धोका असतो. खेळ झाला की पाणी झाडाला ओता, भरून ठेवू नका.

कन्नाचौक

शेवटचं विचारतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हेच वेळापत्रक चालू ठेवायचं का?

गच्चीवरचा

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की हवेत दमटपणा येतो, मग कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, टाकी घासून कोरडी करून ठेवा. गच्चीवरची, परसातली टायरं, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या त्याच आठवड्यात उचला.

बाळीवेस

आणि झोपेचं शाळेच्या दहा दिवस आधी सुरू करा दादा. दर दोन दिवसांनी उठणं आणि झोपणं पंधरा मिनिटं शाळेच्या वेळेकडं सरकवा, आधी उठणं, मग झोपणं. दुपारची झोप सहा वर्षांवरच्यांची याच दहा दिवसांत कमी करत बंद करा, त्याखालच्यांची तासाभरावर आणा. डबा खायची शाळेतली जी वेळ असेल त्याच वेळेला घरीही डब्यातच खायला द्या, झाकण स्वतः उघडता येतंय का ते तेव्हाच कळतं.